ऊन दाखवलेली फिल्म

काचेला चिकटवायच्या फिल्मचे रोल सुकटीच्या खोलीत ठेवायचे ही कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात कशाचंही खापर फोडायचं झालं की माझं डोकं आयतं सापडतं, कारण मी बी.कॉम. झालेली आणि नौपाड्यातल्या ऑफिसात पंख्याखाली बसणारी. कल्पना दादूसची होती. दादूस म्हणजे माझा मोठा भाऊ. आणि त्याला ती सुचली तेव्हा आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

आमचं घर ठाण्याच्या कोळीवाड्यात, मीठबंदराच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, खाडीला पाठ करून. वडील मी शाळेत असतानाच गेले. खाडीतलं म्हावरं त्याच्याही आधी गेलं होतं. वरच्या कारखान्यांचं पाणी उतरायला लागल्यापासून जाळ्यात जे येई त्याला रॉकेलचा वास मारायचा. आयनं मग सुकं म्हावरं विकायला घेतलं. उन्हाळ्यात माल भरायचा, मागच्या खोलीत रचायचा आणि पावसाळाभर मंडईत बसून विकायचा. बोंबील, जवळा, वाकट्या. त्या खोलीला आम्ही सुकटीची खोलीच म्हणायचो आणि शाळेतल्या मैत्रिणींना तिच्या आसपास फिरकू द्यायचे नाही.

दादूस डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर होता. कारखान्याला टाळं लागलं आणि तो घरी बसला. मी ज्या ऑफिसात टायपिंग करायचे तिथले शेठ परदेशातून सनकंट्रोल फिल्म मागवायचे. पातळ, रुपेरी कागदासारखी ही फिल्म काचेला आतून चिकटवली की ऊन निम्मं बाहेरच राहतं, आणि आतल्या माणसाला बाहेरचं दिसतं पण बाहेरच्याला आतलं नाही. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, गाड्यांच्या आणि नव्या ऑफिसांच्या काचांना ती लावायचं खूळ तेव्हा जोरात होतं. मी शेठकडे शब्द टाकला, आणि दादूस त्यांच्या कारागिरांच्या हाताखाली शिकला. हात मुळातच बरा होता त्याचा. जाळं विणलेली बोटं होती ती. वर्षभरात तो एकट्यानं आख्खं दुकान करायला लागला.

पण दुसरीकडून गल्फचं चाललेलं. त्याच्याबरोबरचा एक जण आधीच तिकडे पोचला होता आणि यालाही ओढत होता. पासपोर्ट तयार होऊन आयच्या कपाटात, लुगड्यांखाली पडून होता. एजंटला दसऱ्यापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. दादूसला जायचं नव्हतं, पण हातात पक्कं काम नसताना नाही तरी कुठल्या तोंडानं म्हणणार? आय तर त्या कपाटाकडे बघायचीसुद्धा नाही.

"बोटीवर गेलेला मानूस भरतीला परत येतो," ती म्हणायची. "इमानान गेलेला कवा येतो गो?"

त्याच उन्हाळ्यात शेठनी मोठं काम घेतलं. डोंबिवलीला एक कंपनी नवी इमारत बांधत होती आणि तिची पश्चिमेकडची भिंत सगळी काचेची. अशी भिंत डोंबिवलीत ज्यानं काढली त्यानं दुपारी तिच्यामागे बसून बघावं, असं माझं मत होतं, पण मला कोण विचारतो. फिल्म मागवली गेली, न्हावाशेवाला उतरली आणि कागदपत्रांच्या घोळात भर मे महिन्यात बंदरावरच्या शेडमध्ये अडकून पडली. शेठ रोज फोनवर ओरडायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बंदरात माल मरतो." वरून पत्रा तापलेला, खालून समुद्राची दमट हवा. उष्णतेनं फिल्मचा गोंद मऊ पडतो आणि मागच्या संरक्षक पापुद्र्याला धरून बसतो, मग तो पापुद्रा सुटता सुटत नाही. ओल शिरली तर रुपेरी थर कडेकडेनं खाल्ला जातो. बाहेरून रोल नवरीसारखा दिसतो, आत सगळं कुजलेलं.

माल सुटला, तपासला, बरा निघाला. पण इमारतीच्या काचा नवरात्राच्या आधी बसणार नव्हत्या, आणि शेठचं काल्हेरचं गोडाऊन दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात जायचं. त्यांनी दादूसला बोलावून समोर बसवलं.

"काम तुला देतो. मगर माल पावसाळाभर तू सांभाळायचा. नीट सांभाळलास तर पुढे ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझं जे काम निघेल ते तुझं. बिघडला तर दुसरा माल यायला सहा महिने लागतात, तोवर कंपनी माझ्यासाठी थांबणार नाही, आणि मी तुझ्यासाठी."

तर सगळं त्या रोलांवर येऊन ठेपलं. ते धड राहिले तर दादूस घरी, बिघडले तर विमानात. हे आम्हा तिघांनाही स्वच्छ कळत होतं आणि तिघंही तोंडानं काढत नव्हतो.

आयनं खोली रिकामी करून दिली. पावसाळा तोंडावर, म्हणजे तिच्या धंद्याचे दिवस, आणि ती भरलेला माल शेजारणींना वाटेल त्या भावात देऊन मोकळी झाली. मी म्हटलं, अगं, थोडा तरी ठेव. तर माझ्याच अंगावर आली, "पोरापरीस सुकट मोठी हाय का?"

आम्ही खोली धुतली, दोनदा चुना मारला. जुन्या होडीच्या फळ्यांचे घोडे करून त्यावर खोकी आडवी मांडली, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून हातभर लांब. प्रत्येक खोक्यात रोल दोन्ही टोकांच्या चकत्यांवर अधांतरी असायचा, म्हणजे फिल्मवर कशाचा भार नाही. त्यावर जाड प्लास्टिकची पिशवी, टेपनं हवाबंद केलेली, आत ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या. सूचनांचा कागद मीच टाइप केला होता, त्यामुळे मला तो तोंडपाठ. पिशवी काम सुरू होईपर्यंत उघडायची नाही, हे त्यात दोन वेळा होतं.

खोलीची हवा कळावी म्हणून शेठनी तसेच निळे खडे दिले होते. ते दादूसनं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून तोंड उघडं ठेवून फळीवर ठेवले. हवा कोरडी असली तर खडे निळे. ओल वाढली की गुलाबी.

सुरुवातीला निळे राहिले. आषाढात एका सकाळी बघितलं तर बरणीत गुलाल भरल्यासारखं. दादूसनं भिंतीला हात लावला आणि तळवा मला दाखवला. ओला होता. छपराला गळती नव्हती, जमिनीतून पाणी नव्हतं. त्यानं तळवा जिभेला लावला आणि थुंकला.

"मीठ आहे."

आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. किती वर्षं त्या भिंतींना खारवलेलं म्हावरं टेकून होतं, गिलावा मीठ पिऊन बसलेला. आम्ही वरून चुना फासला, पण आतलं मीठ हवेतली ओल ओढत होतं आणि भिंती घाम फुटल्यासारख्या पाझरत होत्या. मला असा संताप आला की मी त्या भिंतीला लाथ मारली. पायच दुखला.

त्या दिवसापासून घराला चैन राहिली नाही. भिंतींना प्लास्टिक ठोकलं. खोलीत मोठा बल्ब चोवीस तास लावून ठेवला, ऊब राहावी म्हणून, आणि लाइट गेली की आमचे तिघांचे चेहरे उतरायचे. खडे गुलाबी झाले की लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायचे, निळे झाले की परत बरणीत. ऑफिसला निघायच्या आधी मी भाजायचे, संध्याकाळी दादूस. फिल्मच्या पिशव्या हवाबंद होत्या म्हणून आत काही गेलं नसेल, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. सांगणाऱ्याचा विश्वास ऐकणाऱ्यापेक्षा कमीच असायचा.

आयला फिल्म म्हणजे काय ते शेवटपर्यंत उमगलं नाही. काचेला ऊन नको असेल तर पडदा लावा, असं तिचं सरळ म्हणणं. पण रंग तिला बरोबर कळले. निळा म्हणजे पोरगा राहणार, गुलाबी म्हणजे जाणार. मी खोलीतून बाहेर आले की चुलीपाशी बसूनच विचारायची, "रंग काय हाय?" निळा म्हटलं की भाकरी थापायला लागायची. गुलाबी म्हटलं की हात तसाच परातीत. एकदा मी घाईत होते आणि नुसतंच "बघते" म्हणाले, तर ती पिठाच्या हातानं उठून स्वतः खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मला तेव्हा तिचा राग आला.

तशात आषाढ गेला, श्रावण गेला. दादूसनं दोनदा एकेक खोकं उघडून पिशवीबाहेरूनच निरखून पाहिलं. आतल्या पुड्या निळ्या होत्या. म्हणजे माल जिवंत होता. गौरी-गणपती आले, आयनं गौरीपुढे काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती. विसर्जन झालं आणि पावसानं उघडीप दिली.

उघडीप म्हणजे कशी, स्वच्छ निळं आभाळ, आणि इतक्या दिवसांचं उसनं फेडल्यासारखं ऊन. नौपाड्यात समोरच्या बाल्कन्यांतून गाद्या, रजया, कुणाच्या चपला, सगळं बाहेर आलेलं. मला इतकं हलकं वाटलं की शेठना मी स्वतःहून चहा सांगितला. त्यांनीही म्हटलं, "अब क्या, पंधरा-वीस दिवसांत काचा बसतात." दादूस त्या दिवशी डोंबिवलीला काचांची मापं घ्यायला गेलेला.

संध्याकाळी मी कोळीवाड्यात शिरले तर तिथेही तेच. दारादारांत सुपं, चटया, परड्या. पावसाळ्यात ज्या घरात जे काही साठवलेलं असेल ते अशा दिवशी उन्हात आलंच पाहिजे, ही आमच्याकडची रीत आहे. डाळी, पापड, सुकट, लग्नातले शालू. ऊन दाखवलं नाही तर वस्तूला बुरशी धरते, आणि बाईला नावं ठेवतात.

आमच्या ओट्यावर उपडी घातलेली होडी होती. तिच्यावर सोन्यासारख्या उन्हात रुपेरी काहीतरी लखलखत होतं. मला लांबूनच दिसलं आणि मी धावतच ओटा गाठला.

आयनं टेप कापून रोल पिशव्यांतून काढले होते. दोन होडीवर होते, एकेकाचं टोक आतली ओल जावी म्हणून हातभर उलगडलेलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवलेला. खड्यांच्या पुड्या वेगळ्या ताटात काढून तेही उन्हात. आणि आधीचे पाच-सहा ऊन दाखवून झालेले, परत पिशवीत घालून, तोंडं जाळ्याच्या दोऱ्यानं गच्च बांधून, खोलीत जागच्या जागी ठेवलेले.

"आये, हे काय केलंस?"

"ऊन दाखिवलं." तिचा चेहरा उन्हानं आणि आनंदानं लाल झालेला. "यवऱ्या दिवसांची भिंतीची ओल, गो. रोज तुमी दोगं त्या खड्यांना भाजताव, मालाला कोन भाजनार? दुपारपासून एकेक काढतेय. बाकीचे उद्या काढू."

"तुला हात लावू नको म्हणून सांगितलेलं ना?"

"ता पोरांटोरांनी लावू नये म्हनून. मी काय पोर हाय?" मग तिनं खोक्यावर बोट ठेवलं. खोक्यावर छत्री छापलेली होती आणि शेजारी सूर्य. "बग. पावसाशी जपा, ऊन दाखवा. मला वाचता येत नाय, पन येवरं कलतं."

मी काय बोलणार होते ते मला माहीत होतं, आणि ते बोलले असते तर परत कधी गिळता आलं नसतं. तेवढ्यात मागून दादूस आला. त्यानं होडीकडे पाहिलं. हातातली मापाची पट्टी हळूच खाली ठेवली. होडीपाशी उकिडवा बसला आणि रोलवर पालथा हात टेकवला. तापलेला होता, मला न लावताच कळत होतं. त्याचा चेहरा मी आयुष्यात इतक्या जवळून कधी वाचला नव्हता.

मग तो उठला आणि म्हणाला, "बरं केलंस, आये. आता उद्या नको पण. आज ऊन लागलं तेवढं पुरे."

आय खूश झाली, होडीवरचे दोन्ही रोलही पिशव्यांत घालून तिनं दोऱ्यानं बांधले आणि चहा टाकायला आत गेली.

मी त्याला ओढत खाडीच्या बाजूला नेलं. "बरं केलंस? दादूस, तुला वेड लागलंय का? सगळं गरम गरम पिशवीत कोंबलंय तिनं! खाडीची हवा आत घेऊन! पुड्या पाणी पिऊन बसल्यात! रात्री गार झालं की आतल्या आत..."

"कळतंय मला."

"मग सांग ना तिला!"

"काय सांगू? तू मला घालवलंस म्हणून सांगू?" तो कधी आवाज चढवायचा नाही, तेव्हाही चढवला नाही. "तिला यातलं काही कळता कामा नये. तुझी जीभ आवर. आयुष्यात एकदा तरी आवर."

दुसऱ्या दिवशी त्या पिशव्यांना आतून दव धरलं होतं. फ्रिजमधली बाटली बाहेर काढल्यावर धरतं तसं, फक्त उलट्या बाजूनं. दादूसनं प्रत्येक पिशवीला मागच्या अंगानं चीर दिली, ताजे भाजलेले खडे आत सोडले, चिरेवर टेप मारली. आयच्या गाठी मात्र तशाच राहू दिल्या, सोडल्या तर तिला दिसल्या असत्या. दोन दिवसांत दव गेलं. आम्ही मनाला समजावलं की गेलं म्हणजे गेलं. रोल उलगडून बघायची सोय नव्हती, उलगडला की धूळ बसते आणि मग तो तसाही वाया. त्यामुळे काचा बसेपर्यंत थांबायचं, एवढंच हातात. त्या दिवसांत मी जेवत होते की नाही हे मला आठवत नाही, पण रोज सकाळी आय विचारायची ते आठवतं. "रंग काय हाय?" निळा, मी म्हणायचे. निळाच होता.

घटस्थापना झाली आणि काम लागलं. शेठनी मला मोजणी लिहायला म्हणून त्या दिवशी डोंबिवलीला पाठवलं होतं, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलं. काचेवर साबणाचं पाणी मारायचं, फिल्मचा मागचा पापुद्रा सोलायचा, फिल्म ओल्या काचेवर सरकवून बसवायची आणि रबराच्या पट्टीनं मधून कडेला पाणी काढत जायचं. पहिले रोल असे बसले की कंपनीचा इंजिनियर पाठीवर थाप मारून गेला. मिठाच्या भिंतींत पावसाळा काढलेला माल, पण एक डाग नाही. आमची ती सगळी भाजाभाजी फळली होती. दुपारपर्यंत अर्धी भिंत झाली, आतलं ऊन मऊ पडलं, आणि मला वाटलं, सुटलो.

मग गाठी मारलेला पहिला रोल आला. दादूसनं दोरा दातानं न तोडता चाकूनं कापला आणि गाठ तशीच पिशवीला राहू दिली. पहिला वेढा उलगडला तोवर ठीक. दुसऱ्या वेढ्याला पापुद्रा सुटेना. ओढला तर गोंद बरोबर घेऊन आला, दोऱ्या दोऱ्या निघाल्या. आणखी आत गेलो तर रुपेरी थरावर बारीक छिद्रं, देवी आलेल्या चेहऱ्यासारखी. काचेला लावून पाहिलं, तर प्रत्येक छिद्रातून उन्हाचा ठिपका फरशीवर पडला. दादूसनं तो रोल बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. तोही तसाच. तिसरा घेतला. मी देवाचं नाव घेणारी बाई नाही, पण त्या प्रत्येक रोलला घेतलं.

शेठना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी छिद्रं पाहिली, गोंद बोटावर घेतला.

"यह पानी का नहीं, धूप का काम है. उन्हात कुणी ठेवला?"

"मी," दादूस म्हणाला.

मी तोंड उघडलं. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता हात वर केला. मी तोंड मिटलं.

भिंत अर्धी उघडी राहिली. कंपनीनं उरलेलं काम दुसऱ्याला दिलं, शेठनी दादूसला नारळ दिला. बिघडलेले रोल ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती, दादूस ते टेम्पोत घालून घरी घेऊन आला. आय दारातच उभी होती.

"कंपनीनं विचार बदलला," त्यानं तिला सांगितलं. "म्हणाले, फिल्म नको, पडदे लावतो. उरलेला माल परत केला."

"परत? यवरा जपलेला माल?" आयनं त्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या इतक्या मोठ्यानं. मग ती आत गेली आणि कपाटातून पासपोर्ट तिनंच काढून त्याच्यापुढे ठेवला.

तो दिवाळीआधी गेला. विमानतळावर तिनं त्याच्या खिशात सुकटीची पुडी कोंबली, आणि तो हसला, म्हणाला, तिकडे वास आला तर परत पाठवतील. "पाठवू दे की," ती म्हणाली.

त्याला आता तिथे बरीच वर्षं झाली. दोन-तीन वर्षांनी महिनाभर येतो, अंगानं भरलाय, कानशिलं पांढरी. शुक्रवारी शेजाऱ्यांच्या फोनवर त्याचा फोन यायचा, पुढे आमच्याकडेही फोन आला. आणि या सगळ्या वर्षांत आयनं ती गोष्ट कोळीवाड्यात कुणाला म्हणून सांगायची ठेवली नाही. आपला माल कसा चोख होता, आपण स्वतः ऊन दाखवून ठेवला होता, आणि त्या हरामखोर कंपनीनं पडद्यांसाठी पोराच्या पोटावर कसा पाय दिला. दर वेळी "मी सोताच्या हातान ऊन दाखिवलं" हे आलं की माझ्या कानशिलांतली शीर उडायची. मी उठून जायचे. दादूसला शब्द दिलेला होता.

एका भाद्रपदात अशीच उघडीप पडली. ओट्यावर आय सुकट पसरून बसली होती, खोलीत परत सुकट आली होती तोवर. शेजारची नवी सून मदतीला बसली होती आणि आय तिला तीच गोष्ट सांगत होती. "चोख माल, बाय. सोताच्या हातान..." सून उठून गेली आणि माझा तोल सुटला.

"पुरे कर, आये! किती वर्षं तेच तेच! तुला काही माहीत तरी आहे का? त्या कंपनीनं..."

तिथे मी थांबले. शब्द ओठांवर होता आणि मी थांबले. आयनं सुपातली सुकट हलवली, एक खडा वेचून बाजूला टाकला.

"कंपनीला फिल्म नको होती," ती म्हणाली, "तर माज्या गाठींचेच रोल परत कसं आलं?"

मी दारातून मागच्या खोलीकडे पाहिलं.

"टेम्पोतून उतरवलेत ना तुमी, मी बगत होती. सगल्यांना माजा दोरा. तोंडाला टेप असलेला एक पन नाय. जे मी उन्हात काडले नवते, ते सगले लागले भिंतीला. जे काडले, ते घरी." तिनं माझ्याकडे वर पाहिलं. "मला वाचता येत नाय. गाठ वलखता येते."

"मग तू इतकी वर्षं... लोकांना... त्या कंपनीला..."

"त्यान माजेसाठी खोटं सांगितलान. मला लागू नये म्हनून. आता मी म्हनू, मला समदं कललं? तिकरं एकला रातीचा निजतो, त्याला झोप येल?" तिनं सूप खाली ठेवलं. "त्याला वाटतं, आयला कायच ठाव नाय. ता वाटू दे. यवराच आदार हाय त्याला माजा. त्याला सांगशील तर बग."

दोघांनी मला एकच ताकीद दिली होती, काही वर्षांच्या अंतरानं. मी खाली बसले आणि रडले. आय माझ्यासमोर सुकट पसरत राहिली, कारण ऊन जायच्या आत ती वाळायला हवी होती.

त्याच शुक्रवारी दादूसचा फोन आला. आधी आय बोलली. जेवण, गुडघे, पाऊस. मग, नेहमीप्रमाणे, "ती तुजी डोंबिवलीची कंपनी बुडाली का रं?" पलीकडून तो हसल्याचं मला ऐकू आलं. त्यानं दर वेळी असंच हसायचं असतं. मग तिनं रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

इतकी वर्षं त्या कंपनीचं नाव निघालं की मी फोन खाली ठेवायचे किंवा विषय बदलायचे. त्या दिवशी मी श्वास घेतला आणि त्या कंपनीला, तिच्या इंजिनियरला आणि तिच्या पडद्यांना अशी अस्सल कोळीवाड्यातली शिवी हासडली की शेजारच्या घरातला टीव्ही बारीक झाला.

दादूस खूप वेळ हसत राहिला. आय माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिच्या हाताला सुकटीचा वास येत होता.